हात न लावता

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर, संग्रहालयातले एक निवृत्त पहारेकरी राहतात. एकतीस वर्षं त्यांनी सहा नंबरच्या दालनाच्या दारात लोखंडी स्टुलावर बसून काढली. त्या काळात त्यांच्या तोंडून जी वाक्यं गेली, त्यांतली निम्मी तरी ‘हात लावू नका’ अशी असावीत. उरलेल्यांत ‘मागे व्हा’ आणि ‘शौचालय खाली, डावीकडे’. संग्रहालयातले लोक त्यांना पाठीमागे ‘हातलावूनका’च म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, थोडं आवडतही होतं.

सहा नंबरचं दालन वाद्यांचं. तिथे कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात थेरेमिन नावाचं एक विजेवरचं वाद्य होतं. एक लाकडी पेटी, तिच्या उजव्या बाजूने वर निघालेली पितळी कांडी आणि डाव्या बाजूला आडवं पितळी कडं. तारा नाहीत, पट्ट्या नाहीत, फुंकायला भोक नाही. उजवा हात कांडीजवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. डावा हात कड्याजवळ नेला की आवाज बारीक होत जातो. वाद्याला शिवायचं कुठेच नाही. कपाटाखालच्या पाटीवर हे सगळं लिहिलेलं होतं आणि पहारेकरी ते एकतीस वर्षं रोज वाचत होते. त्यांचा नियम अक्षरशः पाळून वाजवता येईल असं जगातलं हे एकच वाद्य, आणि तेच नेमकं काचेआड.

ते निवृत्त झाल्याची नोंद माझ्या रोजनिशीत एकतीस ऑक्टोबरला आहे. आठ नोव्हेंबरला लगेच पुढची: ‘दुपारी तीन वाजता वरच्या वहिनी आल्या. चहा घेतला नाही.’

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, एका शिंप्याच्या दुकानासाठी घरी बसून काज-बटणं करते. बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. त्या दिवशी मात्र बोलली.

‘‘ताई, हे घरी बसून काय करतात माहीत आहे? कपाटापाशी उभे राहतात. मी साडी काढायला गेले की म्हणतात, सावकाश, दाराला टेकू नकोस. काल मी घड्याळ पुसत होते तर म्हणाले, मागे हो. माझ्या आईने दिलेलं घड्याळ आहे हो ते!’’

‘‘मग तू काय म्हणालीस?’’

‘‘काय म्हणणार? मागे झाले. सवयीने.’’

यावर उपाय काढला तो त्यांच्या मित्राने. हा मित्र रेडिओ दुरुस्त करतो. आता रेडिओ कुणाकडे नसल्यामुळे त्याला वेळच वेळ आहे. त्याने एका जुन्या रेडिओच्या खोक्यात तारा-बिरा जुळवून थेरेमिन बनवलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वतः उचलून वर नेलं. जिन्यात मला म्हणाला, ‘‘याला काहीतरी राखायला दिलं ना, की बायको सुटेल.’’

पहिल्या संध्याकाळी वरून जो आवाज आला त्याचं वर्णन मी वहीत तीनदा लिहून तीनदा खोडलं आहे. आमच्या पहिल्या मजल्यावर जनावरांचे डॉक्टर राहतात. ते बॅग घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत धावत गेले आणि दार उघडताच त्यांनी विचारलं, ‘‘कुठे आहे?’’

‘‘काय कुठे आहे?’’ पहारेकरी म्हणाले.

‘‘कुत्रा.’’

‘‘कुत्रा नाही. हे संगीत आहे.’’

‘‘बरं,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘तरी काही लागलं तर बोलवा.’’

नवशिक्याला हे वाद्य फार निर्दय. बाजाच्या पेटीवर चुकीची पट्टी दाबली तरी निदान एखादा सूर तरी येतो. इथे हवेत हात धरायचा, आणि हवेत कुठे ‘सा’ आहे हे हवा सांगत नाही. त्यातून पहारेकऱ्यांना कान बेताचाच. पण मोजमापाची शिस्त होती. त्यांनी कांडीच्या खाली एक लाकडी फूटपट्टी आडवी बसवली आणि सुरांच्या जागा पेन्सिलीने आखायला घेतल्या. सूर ठरवायची वहिनी. मान खाली घालून काज करता करता ती सांगत असे, ‘‘वर... अजून... गेलात पुढे. मागे या. हां, इथे.’’ आणि ते खूण करत. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्यांना ‘मागे या’ म्हणत होती, हे तिच्याही लक्षात आलं नसावं. मी दळणाचा डबा द्यायला गेले होते, माझ्या आलं.

अडचण एकच होती. हे वाद्य वाजवणाऱ्याच्या हाताने जसं बदलतं तसं शेजारी असलेल्या कुणाच्याही अंगाने बदलतं. बाजूने कुणी चाललं की सूर घसरतो. पहारेकऱ्यांना हे कळलं तेव्हा ते मनापासून खूश झाले. एकतीस वर्षं ते लोकांना सांगत होते की जवळ येऊन तुम्ही वस्तू बिघडवता. आता वस्तू स्वतःच ओरडून तसं सांगत होती. त्यांनी निवृत्तीच्या वेळी आठवण म्हणून मागून घेतलेली लाल दोरी बैठकीच्या खोलीत आडवी बांधली.

वहिनीची खुर्ची दोरीच्या आत आली.

‘‘अगं, खुर्ची पलीकडे घे.’’

‘‘दिवा इथे आहे.’’

‘‘दिवा पलीकडे नेऊ.’’

‘‘वायर पुरत नाही. आणि एकवीस वर्षं मी इथे बसते. तुमचं वाद्य मंगळवारी आलंय.’’

तीन दिवस वरून ना वाद्याचा आवाज आला ना माणसांचा. चौथ्या दिवशी पहारेकऱ्यांनी तोड काढली. बायको हलत नाही ना, मग ती आहेच असं धरून चालायचं. भिंत, कपाट आणि बायको. त्यांनी लिनोलियमचा एक मोठा तुकडा अंथरला, त्यावर वाद्याच्या, स्वतःच्या पावलांच्या आणि तिच्या खुर्चीच्या चार पायांच्या जागा रंगाने आखल्या. मग वाद्य जुळवायचं जे बटण असतं ते हळूहळू फिरवून त्यांनी सगळे सूर पेन्सिलीच्या खुणांवर आणले. वहिनी ‘हां’ म्हणाली. आणि त्या क्षणी त्यांनी, संग्रहालयात कपाट बंद झाल्यावर करत तेच केलं. बटणावर लाख ओतून सील केलं. एका जुन्या रजिस्टरात तारीख घालून नोंदही केली. सील तोडायचं तर दोन सह्या लागतात, असा संग्रहालयाचा नियम होता. तो त्यांनी रजिस्टराच्या पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवला होता.

रेडिओवाल्याने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ‘‘अरे बाबा, ते बटण रोज फिरवायचं असतं! त्याच्यासाठीच दिलंय.’’

‘‘एकदा बरोबर बसलं ना? मग कशाला कुणी हात लावायचा?’’

आता धुनीबद्दल सांगायला हवं. संग्रहालय बंद व्हायच्या वेळी, पावणेपाचला, कर्ण्यांवरून एक छोटी संथ धून वाजते. तिच्या इशाऱ्यावर सगळे पहारेकरी उठत, पडदे सोडत, ‘चला, वेळ संपली’ म्हणत. ही धून आमच्या पहारेकऱ्यांनी एकतीस वर्षं रोज ऐकलेली. दुसरी कुठली धून त्यांना येतच नव्हती, म्हणून ते तीच शिकत होते. फेब्रुवारीत त्यांना कळलं की त्या धुनीची फीत आता झिजून घरघर करते आणि संचालकबाई तिच्या जागी विजेची घंटा बसवणार आहेत. ते कोट घालून बाईंना भेटायला गेले. परत आल्यावर आधी माझ्याकडे थांबले. एरवी कधी थांबत नाहीत.

‘‘ताई, बाई म्हणाल्या, मामा, चौदा मार्चला आपल्या सत्तर वर्षांचा कार्यक्रम आहे, त्यात वाजवा. लोकांना धून ओळखता आली, तर दर रविवारी पावणेपाचला तुम्हीच वाजवायची. सहा नंबरमध्ये.’’

‘‘आणि ओळखता आली नाही तर?’’

‘‘घंटा.’’ मग म्हणाले, ‘‘माझं स्टूल अजून तिथेच आहे. मी बघून आलो. कुणी बसत नाही त्याच्यावर.’’

घरातल्या कपाटांवर पहारा करणाऱ्या माणसाला स्वतःचं दार हवं होतं, एवढी साधी गोष्ट होती. पण ती मला त्या दिवशी कळली. वहिनीला बहुधा आठ नोव्हेंबरपासूनच ठाऊक असावी.

चौदा मार्चला मी आणि वहिनी बरोबरच गेलो. एकतीस वर्षांत ती संग्रहालयात एकदाही आली नव्हती. रविवारी दुकानाचं काम असे, आणि तिला कुणी ये म्हटलंही नव्हतं. आम्हाला पाचव्या रांगेत जागा मिळाली. वहिनीच्या पिशवीत सहा शर्ट होते, कारण शिंप्याला दुसऱ्या दिवशी हवे होते.

व्यासपीठावर सगळं जसंच्या तसं मांडलेलं होतं. लिनोलियम, वाद्य, फूटपट्टी, लाल दोरीसुद्धा. चार खुणांवर वहिनीची खुर्चीही आणून ठेवली होती, रिकामी. पहारेकरी आपल्या पावलांच्या खुणांवर उभे राहिले, हात उचलला, आणि वाजवू लागले.

सगळं खाली वाजत होतं. सारखं खाली असतं तरी चाललं असतं. पण वरचे सूर थोडे आणि खालचे फार, त्यामुळे धुनीचा चेहराच पुसला गेला. शाळेत सिस्टर पियानोवर सूर देऊन आमच्याकडून म्हणून घेत, तेव्हापासून मला बेसूर ऐकलं की दात दुखतात. मागच्या रांगेत एक गृहस्थ बायकोला म्हणाले, ‘‘आधुनिक आहे.’’ बायको म्हणाली, ‘‘संपलं का?’’

पहारेकरी थांबले. घाम पुसला. फूटपट्टी तपासली, पावलं तपासली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. पहिल्या रांगेत संचालकबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. रेडिओवाला बाजूच्या दारातून दबक्या आवाजात ओरडला, ‘‘बटण! अरे, बटण फिरव!’’

‘‘सील आहे.’’

‘‘तोड की मग!’’

‘‘दोन सह्या लागतात.’’

हे सगळं कर्ण्यावरून अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं.

माझ्याशेजारी वहिनी सुई दोऱ्याच्या रिळात खोचून स्वस्थ बसली होती. ‘‘बघा ना,’’ ती म्हणाली, ‘‘खुर्ची आणली. गादीसुद्धा आणली खुर्चीवरची.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय! मी इथे बसलेय ना.’’

ती उठली. पिशवी घेतली, चार रांगा ओलांडून व्यासपीठावर चढली आणि लाल दोरी उचलून आत शिरू लागली. पहारेकरी फूटपट्टीवर वाकलेले होते. त्यांनी मानही वर न करता म्हटलं, ‘‘मागे व्हा.’’

‘‘होते हं,’’ वहिनी म्हणाली, आणि खुर्चीत जाऊन बसली.

त्यांनी वर पाहिलं. मग त्यांनी तिच्या खुर्चीचे चारही पाय खुणांवर आहेत ना ते पाहिलं. वहिनीने पिशवीतून शर्ट काढला, मान खाली घातली आणि काज करायला घेतलं. कारण घरी ती तशीच बसायची, आणि तशी नसती बसली तर पुन्हा फरक पडला असता.

मग ती धून वाजली. अगदी शुद्ध वाजली असं मी म्हणणार नाही, माझ्या दाताला तेव्हाही थोडी कळ होती. पण ओळखता आली का? दुसरी ओळ सुरू झाली तसे भिंतीलगत उभे असलेले पाचही पहारेकरी एकदम ताठ झाले. एकाने पडदे सोडले. दुसऱ्याने मागचे दिवे घालवले. तिसरा रांगांमधून फिरत म्हणू लागला, ‘‘चला, वेळ संपली, चला.’’ आणि लोक उठले. सत्तर वर्षांच्या सवयीपुढे कुणाचं काय चालणार? प्रमुख पाहुणे भाषणाचे कागद घडी करून खिशात घालत दाराकडे निघाले. जिन्यापाशी पोहोचल्यावर त्यांना आठवलं की आपलं भाषण व्हायचं आहे. तोवर बाहेरचा दरवाजा अर्धा बंद झाला होता.

अंधाऱ्या सभागृहात संचालकबाई एकट्या पहिल्या रांगेत बसून राहिल्या. ‘‘मामा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘रविवारपासून या.’’

दुसऱ्या दिवशी गावातल्या छोट्या वर्तमानपत्रात बातमी आली: ‘पत्नीवाचून सूर लागेना!’ इमारतीतल्या बायकांचे डोळे पाणावले. जनावरांच्या डॉक्टरांची बायको नवऱ्याला म्हणाली, ‘‘शिका काहीतरी.’’ मी कात्रण घेऊन वर गेले तेव्हा वहिनी बटणं निवडत होती.

‘‘काय कौतुक करताय, ताई? माझ्या जागी पाण्याचं पिंप ठेवलं असतं तरी त्यांचं भागलं असतं.’’

‘‘असं कसं म्हणतेस?’’

‘‘त्यांनाच विचारा.’’

मी विचारलं. पहारेकऱ्यांनी प्रश्नाचा प्रामाणिक विचार केला आणि म्हणाले, ‘‘पिंप किती लिटरचं?’’

तेव्हापासून दर रविवारी ती दोघं चारच्या सुमारास निघू लागली. ती सहा नंबरमध्ये खुर्चीत बसून काज करते, ते वाजवतात, लोक घरी जातात. लहान मुलं तिला बघून आईला विचारतात, ‘‘ही पण जुनी आहे का?’’ एका रविवारी कुणीतरी तिच्या खांद्याला बोट लावून पाहिलं. पहारेकरी वाजवता वाजवता असे ओरडले की सूर छतापर्यंत गेला. वहिनीने मला हे सांगितलं तेव्हा ती तक्रार करत होती की नाही, हे मला नक्की लिहिता आलेलं नाही.

ऑगस्टमध्ये त्यांच्या मुलीने घर बदललं आणि सामान लावायला आईला दहा दिवस बोलावलं.

‘‘मध्ये रविवार येतो,’’ पहारेकरी म्हणाले.

‘‘येऊ दे.’’

‘‘मग वाजवायचं कसं?’’

‘‘सील तोडा, बटण फिरवा, म्हणजे माझ्याशिवाय वाजेल. तुमचा मित्र डिसेंबरपासून सांगतोय.’’

‘‘दोन सह्या–’’

‘‘एक तुमची, एक माझी. आणा रजिस्टर, आत्ता करते.’’

त्यांनी रजिस्टर आणलं नाही. ती सोमवारी गेली.

मंगळवारी वर पिंप आलं. पाणी भरून खुर्चीच्या जागी ठेवलं, सूर खाली. अजून पाणी, सूर तरीही खाली. बुधवारी त्यांनी माझ्या दारावर टकटक केली.

‘‘ताई, एक विचारू? राग मानू नका. तुमचं वजन काय आहे?’’

मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी मनात वजाबाकी केली आणि म्हणाले, ‘‘चालेल.’’

मी वर जाऊन बसले. त्यांनी मला दोन इंच डावीकडे सरकवलं, मग एक इंच मागे. हातात सुई-दोरा दिला. मी पाऊण तास एका शर्टाला काज करत होते. ते काज वहिनीने नंतर सगळे उसवले. पहारेकरी वाजवत, थांबत, खुर्चीच्या पायांकडे बघत. शेवटी त्यांनी हात खाली घेतला.

‘‘नाही. तुम्ही चांगल्या बसता, ताई. पण नाही.’’

‘‘सूर तर जवळपास येतोय,’’ मी म्हटलं. खरंच येत होता.

‘‘येतोय,’’ ते म्हणाले. ‘‘पण बरोबर आला की ‘हां’ कोण म्हणणार?’’

त्या रविवारी सहा नंबरमध्ये पाटी लागली: ‘आज वादन नाही.’ पावणेपाचला घंटा वाजली. पहारेकरी तरीही गेले होते. स्टुलावर बसून आले.

वहिनी दहा दिवसांची आठव्या दिवशीच परत आली. मुलीकडे फार गडबड असते, असं तिने मला सांगितलं. त्याच संध्याकाळी पहारेकऱ्यांनी रजिस्टर तिच्यासमोर उघडून ठेवलं. ‘सील तोडण्यास मंजुरी’ असं नीट अक्षरात लिहून खाली स्वतःची सही केलेली होती. दुसऱ्या सहीची जागा रिकामी.

‘‘कर सही,’’ ते म्हणाले. ‘‘दर रविवारी तुला अडकवून ठेवणं बरोबर नाही.’’

मी तिथेच होते, माझ्याकडे राहिलेला तो शर्ट परत करायला गेले होते. वहिनीने रजिस्टरातलं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग सुईच्या नेढ्यात दोरा ओवत म्हणाली, ‘‘ठेवा तिथे. चष्मा सापडला की बघते.’’

चष्मा तिच्या नाकावर होता. पहारेकऱ्यांना तो दिसत होता. त्यांनी रजिस्टर बंद करून बटणांच्या डब्याखाली ठेवलं आणि आपल्या पावलांच्या खुणांवर जाऊन उभे राहिले.

हे एकवीस ऑगस्टचं. काल, नऊ नोव्हेंबरला, मी वर गेले होते. रजिस्टर डब्याखालीच आहे.